बोळाचा रंग

घरांतील प्रत्येक जागेस कांहीं ना कांहीं काम नेमून दिलेलें असतें. स्वयंपाकघरांत अन्न शिजतें, माजघरांत बायकामुलें वावरतात, देवघरांत देव असतात, आणि ओसरीवर आल्यागेल्याचा समाचार घेतला जातो. बाहेरच्या दारापासून चौकापर्यंत जाणारा बोळ तेवढा बिचारा बेकार. तेथें कोणी बसत नाहीं, कोणी निजत नाहीं. सर्वजण त्यांतून केवळ जातात. म्हणूनच घरास रंग देतेवेळीं बोळाचा क्रम शेवटीं लागतो, व इतर खोल्यांचा उरलासुरला रंग त्याच्या वांट्यास येतो. परंतु घर विकावयास काढलें कीं ही सारी व्यवस्था उलटी होते. घेणारा मनुष्य पहिल्यानें बोळांतच शिरतो. नाटकांत नांदीचें जें स्थान, तें त्या वेळीं बोळास प्राप्त होतें. आणि जी जागा आपण जन्मभर पाहूनही पाहिली नाहीं, तिच्याकडे परक्याच्या डोळ्यांनीं पाहण्याची पाळी येते.

आमचें वाईचें घर विकण्याचें आम्हां तिघां भावांत ठरलें, तेव्हां हा प्रसंग आमच्यावर आला. पुढची पिढी पुण्यास स्थिरावली आहे, आणि कुलूप लावून ठेवलेलें घर म्हणजे वाळवीस दिलेलें इनाम. आमचा बोळ अठरा फूट लांब, पांच फूट रुंद व नऊ फूट उंच. उजेड काय तो एका टोकास दाराचा व दुसऱ्या टोकास चौकाचा. भिंती जुन्या विटांच्या, दीड फूट जाडीच्या. वर नीळ घातलेला चुना, आणि खालीं कमरेइतक्या उंचीचा तपकिरी तेलरंगाचा पट्टा. पश्चिमेकडच्या भिंतीस मात्र तळापासून दीड हात उंचीपर्यंत लोणा लागून रंगाचे पोपडे सुटले होते.

रंग कोणता द्यावा या प्रश्नावर घरांत जितकीं माणसें तितकीं मतें निघालीं. वडीलबंधु अण्णा यांचें म्हणणें, वडिलांच्या वेळेपासून पांढरा चुना आहे तोच असावा. काकूंच्या मतें दारांत पिवळा रंग शुभ. सूनबाईंनीं पिस्त्याचा रंग सुचविला, आणि पुतण्यानें पुण्यांतील नव्या इमारतींचा दाखला देऊन राखाडी रंगाची शिफारस केली. घराच्या व्यवहारासाठीं जो दलाल येत असे, त्याचें मत सर्वांहून निराळें. तो म्हणाला, "गडद रंगाचा जाड, खरबरीत लेप द्या. लोणा झांकून जाईल. पावसाळ्यापर्यंत कांहीं दिसणार नाहीं, आणि तोंवर खरेदीखत होऊन जाईल."

पहिल्या चार मतांचा निकाल लावण्यास आम्हीं मास्तरी उपाय योजिला. प्रत्येक रंगाचा हातभर लांबरुंद तुकडा भिंतीवर लावून घेतला, तो पुरता वाळूं दिला, आणि सकाळीं, दुपारीं व दिवे लागल्यावर सर्वांनीं तो पाहावा असें ठरविलें. त्यांतून ज्या गोष्टी कळल्या त्या वाचकांस उपयोगीं पडतील. पांढरा रंग आपल्या अंगचा उजेड देत नाहीं, पडलेला उजेड परत करतो. जेथें उजेडच थोडा, तेथें तो राखेसारखा दिसतो. पिस्त्याचा रंग दुकानांतील तळहाताएवढ्या पट्टीवर फिका होता. परंतु बोळांत समोरासमोरच्या भिंती आपला रंग एकमेकींवर टाकतात, त्यामुळें तो दुप्पट गडद झाला, व त्यांत उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा आजाऱ्यासारखा दिसूं लागला. राखाडी रंगानें बोळ अधिकच अरुंद भासला. तकतकीत रंगाचा गुण असा कीं, दारांतून तिरपा उजेड पडतांच जुन्या भिंतीचा प्रत्येक उंचवटा व खळगा तो वर काढतो. काकूंचा पिवळा रंग थोडा भडक होता. तोच सायीसारखा फिका केला, तेव्हां दिव्यांतही व दिवसांही बोळ प्रसन्न दिसला.

राहिलें दलालाचें मत. तें केवळ रंगाचें नव्हतें, म्हणून त्याचा विचार निराळा करावा लागला. जुन्या विटेच्या भिंतीच्या पायाशीं पाणी मुरलें कीं तें विटांतून वर चढतें, आणि वाळतांना आपल्याबरोबरचे क्षार पृष्ठभागावर ठेवून जातें. यासच आपण लोणा म्हणतों. चुना हवेंतील कर्बद्विप्राणिल वायु शोषून हळूहळू पुन्हा दगडासारखा होतो, तरी त्यांतून ओल बाहेर पडूं शकते. तेलरंग अथवा हल्लींचे प्लास्टिकसारखे रंग यांचा मात्र पडदा तयार होतो. ओल त्याच्या मागें कोंडली जाते, आणि शेवटीं पडद्यास फोड आणून बाहेर येते. म्हणजे त्या जाड लेपानें दोष नाहींसा तर होणार नव्हताच, उलट आंतल्या आंत वाढून तो घेणाऱ्याच्या पदरांत पडणार होता.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत सदोष किंवा झांकलेली वस्तु विकूं नये असें सांगितलें आहे. व्यवहार केल्यावर पश्चात्ताप झाल्यास दहा दिवसांच्या आंत तो फिरविण्याची सोयही तेथेंच आहे. पण लोणा कांहीं दहा दिवसांत दिसत नाहीं. तो पावसाळ्याची वाट पाहतो. आजचा कायदाही या बाबतींत मुका नाहीं. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणें, विकणाऱ्यास ठाऊक असलेला व घेणाऱ्यास साधारण काळजी घेऊनही न कळणारा मालमत्तेंतील महत्त्वाचा दोष विकणाऱ्यानें सांगितलाच पाहिजे.

आम्हीं हें बोलून दाखविलें, तेव्हां अण्णा म्हणाले, "शास्त्र खरें, पण दोष सांगितला कीं भाव पडणार, आणि तूट तिघांच्या वांट्यांत येणार." हें म्हणणें अगदींच टाकाऊ नव्हतें. आमच्या धाकट्या बंधूंच्या मुलीच्या शिक्षणाचें कर्ज अजून फिटावयाचें आहे, व या विक्रीवर त्यांची भिस्त होती. त्यांच्या पैशावर आपण उदारपणा करावा, हें आमच्याही मनास येईना. ते बराच वेळ गप्प होते. मग त्यांनीं एवढेंच विचारलें, "भिंत नीट करण्यास खर्च किती येईल, हें कोणी विचारलें आहे काय?"

कोणी विचारलें नव्हतें. गवंडी आणला. त्यानें चौकांतील तुंबलेली मोरी दाखविली. पागोळ्यांचें पाणी तेथें सांचून भिंतीच्या पायांत मुरत होतें. मोरी मोकळी केली, फरशीस उतार दिला, आणि सडलेला गिलावा काढून तेथें चुन्याचाच गिलावा केला. तरीही भिंत लगेच कोरडी होत नाहीं. इंचभर जाडीस एक महिना असा गवंड्याचा ठोकताळा. त्या हिशेबानें आमच्या भिंतीस दीड वर्ष हवें. तें आम्हीं त्याच्याकडून उरलेल्या खर्चाच्या अंदाजासह कागदावर लिहून घेतलें.

जुना तपकिरी पट्टा काढतांना एक काळजी घेतली, ती मुलेंबाळें असलेल्या प्रत्येक घरानें घ्यावी. जुन्या तेलरंगांत शिसें असण्याचा संभव फार. घरगुती रंगांत तें दहा लाख भागांत नव्वद भागांहून अधिक नसावें, असा नियम सरकारनें २०१६ सालीं केला, व तो १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलांत आला. त्यापूर्वींच्या रंगांचा भरंवसा नाहीं. म्हणून रंग कोरडा न घांसतां ओला करून खरवडला, आणि त्या दिवशीं नातवंडांस शेजारीं धाडलें.

शेवटीं बोळास चुनाच दिला, पण त्यांत नीळ न घालतां थोडी पिवडी घातली. पिवडी ही मातीच असल्यामुळें चुन्यांत तिचा रंग मरत नाहीं. कपड्यांस लागूं नये म्हणून त्यांत डिंकाचें पाणी मिसळलें. तरी दलालाच्या काळ्या बाहीस तो लागलाच. अण्णांचा चुना राहिला, काकूंचा पिवळा राहिला, आणि भिंतीस श्वासही घेतां आला.

पश्चिमेच्या भिंतीवर ओलीची पुसट रेघ दिसतच होती. घर पाहावयास आलेल्या दांपत्यास आम्हीं ती दाखविली व गवंड्याचा कागद हातीं दिला. गृहस्थांनीं भिंतीवर हात फिरविला. बाईंनीं मोरी पाहिली. चार दिवसांनीं त्यांचा निरोप आला. कागदावरचा खर्च त्यांनीं किंमतींतून वजा मागितला होता, त्याहून एक रुपयाही अधिक नव्हे. अण्णांस ती वजावट अजून खटकते, आणि त्यांच्याशीं आम्ही वाद घालीत नाहीं. धाकट्या बंधूंचें कर्ज मात्र तेवढ्यांत फिटेल असें दिसतें.

नव्या मालकांनीं पुढें बोळास पिस्त्याचा रंग दिला तरी तो त्यांचा अधिकार आहे. आम्हीं त्यांस इतकेंच सुचविलें आहे कीं, दोन पावसाळे भिंतीस चुन्यांतच असूं द्यावें, आणि मोरींतील पाला दर ज्येष्ठांत काढावा.