दोन जीबीचा संसार

आमच्या घरातला पहिला लॅपटॉप बाबांनी २०१२ साली हप्त्यांवर घेतला. दोन जीबी रॅम, सेलेरॉन प्रोसेसर. तेव्हा तो टीव्हीशेजारी क्रोशाच्या रुमालाखाली असायचा. दहा वर्षांनी माळ्यावर गेला, कारण बटण दाबून चहा ठेवला तर चहा आधी व्हायचा. दुरुस्तीवाला म्हणाला, "भंगारात द्या, नवा घ्या."

नव्याला पैसे नव्हते. माझी नोकरी गेली होती आणि भाषांतराची कामं फोनवर टाइप करून अंगठे दुखत होते. मग ठरवलं, लिनक्स टाकून बघू. फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्यानं १९९१ साली छंद म्हणून सुरू केलेलं हे प्रकरण. तुमच्या अँड्रॉइड फोनच्या मुळाशीही तेच आहे.

पेन ड्राइव्हवर लुबुंटू घेतलं. ते इन्स्टॉल न करताही तिथूनच चालवून बघता येतं. वाय-फाय लागलं, आवाज आला, मेनू झटकन उघडला. मला इतका आनंद झाला की पुढे इन्स्टॉल करताना 'सगळी डिस्क पुसा' हा पर्याय मी न थांबता निवडला.

रात्री बाबांनी विचारलं, "अगं, त्यात आईचे फोटो होते ना?"

त्यांची आई, म्हणजे माझी आजी. तिच्या शेवटच्या दिवाळीचे फोटो. लुबुंटू पेन ड्राइव्हवरून चालत होतं, तेव्हाच जुनी डिस्क उघडून ते दुसरीकडे कॉपी करता आले असते. दहा मिनिटांचं काम.

बाबा चिडले नाहीत. थोड्या वेळानं एवढंच म्हणाले, "चालतोय का पण?"

चालतोय. सुरू झाल्यावर पाचेकशे एमबी रॅम घेतो, बाकीची माझ्यासाठी सोडतो. ब्राउझरचे पाच-सहा टॅब उघडले की धापा टाकतो, म्हणून मी दोनच ठेवते. सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट कळफलक जोडला आणि त्यावर महिन्याभरात पहिलं भाषांतर पूर्ण केलं.

'मोफत' आणि 'मुक्त' या दोन्हींना इंग्रजीत एकच शब्द असल्यानं तिकडे फरक सारखा समजावून सांगावा लागतो. आपल्याकडे शब्दच वेगळे आहेत. तरी मला आधी फक्त मोफतच कळलं होतं. मशीन आपल्या ताब्यात आलं की चूकही आपलीच असते, कंपनीच्या नावानं बोटं मोडता येत नाहीत, हे फोटो गेल्यावर कळलं.

हल्ली दुपारी बाबा लॅपटॉप घेऊन बसतात. एका बोटानं, अक्षर शोधत टाइप करतात. परवा फाइल उघडी राहिली होती. 'दिवाळी २०१३. आई मागच्या पायरीवर. चकल्या मोडल्या म्हणून हसतेय.' जे फोटो आठवतात, ते ते लिहून काढतायत.

दर रविवारी मी ती फाइल दोन पेन ड्राइव्हवर कॉपी करते.