घट

"पण ही नोकरी हमालाच्या वर म्हणायची की खाली?"

लोह्याहून आलेल्या एका शेतकऱ्यानं मला हे विचारलं. दिवाळी नुकतीच सरली होती. बाहेर सोयाबीनच्या ट्रॅक्टरांची रांग भुईकाट्यापासून पार रस्त्यापर्यंत गेली होती. बी.कॉम. झालेली त्यांची मुलगी फाईल मांडीवर घेऊन गप्प बसली होती. आमच्या जाहिरातीत 'सप्लाय चेन असिस्टंट' असं लिहिलेलं होतं. पण गेटातून आत येताना त्या माणसाला दिसलं ते गोडाऊन, कट्ट्यांच्या थप्प्या, चाळणीची धूळ, पाठीवर पोतं घेतलेली माणसं. लेकीला इथं पाठवायचं तर पाव्हण्यांना काय सांगायचं, ही चिंता त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होती.

मी खरं तेच सांगितलं. सुरुवातीला १४ हजार मिळतील. सीझनमध्ये चांगला हमाल महिन्याला याहून जास्त कमावतो. त्याची माथाडी मंडळात नोंद असेल, तर १९६९ च्या कायद्यामुळं त्याला भविष्यनिर्वाह निधी आहे, बोनस आहे, रजेचा पगार आहे. एजन्सीमार्फत लागलेल्या संगणकावरच्या कितीतरी पोरांना यातलं काही धड मिळत नाही. तेव्हा आज विचाराल तर खाली. पाच वर्षांनी काय, ते तुमची मुलगी या कामात काय शिकते त्यावर आहे.

"काय शिकायचं असतं ह्यात?" त्यांनी विचारलं. त्यांचा प्रश्न मनापासूनचा होता, म्हणून मी त्यांना घटीचा हिशेब सांगितला. तोच इथं लिहितो आहे.

२००७ साली मी लातुरात एका खासगी गोडाऊनवर लागलो. पगार ४,२००. काम म्हणजे आलेला माल मोजून घ्यायचा, थप्पीवर कार्ड लावायचं, पावतीवर सही करायची. सही करायला मिळते याचाच मला अभिमान वाटायचा. नोव्हेंबरात एका थप्पीत १,२०० क्विंटल सोयाबीन लागलं. मुकादम मामांनी चार दाणे दाताखाली धरले, थांबले आणि म्हणाले, "सायब, दाना वाजत न्हाई. ही थप्पी हलकी व्हनार बगा." मी मान डोलावली आणि १,२०० वर सही केली.

मे महिन्यात पत्र्याखाली भट्टी पेटल्यासारखं ऊन असतं. माल उचलला तेव्हा काट्यावर भरला १,१६०. चाळीस क्विंटल कुठं गेलं? ना चोरी, ना उंदीर, ना पोती फाटलेली. मालकाच्या लेखी मात्र सही माझी होती. पुढचे किती तरी महिने माझ्या पगारातून कापून घेत राहिले. वडील रोज विचारायचे, "तू काय करायलास तरी तिथं?" मला उत्तर देता यायचं नाही.

उत्तर कळलं ते नंतर, एका रात्री वहीवर आकडे मांडून. माल आला तेव्हा त्यात १३ टक्के ओलावा होता. म्हणजे १०० किलोत ८७ किलो कोरडा दाणा. उन्हाळ्यात ओलावा १० टक्क्यांवर आला. दाणा तेवढाच, ८७ किलो, पण आता तो एकूण वजनाच्या ९० टक्के झाला. ८७ भागिले ०.९, म्हणजे ९६.६७. शंभरामागं सव्वातीन किलोंहून अधिक पाणी हवेत गेलेलं. १,२०० क्विंटलला हिशेब लावला आणि उत्तर बरोबर १,१६० आलं. त्या रात्री मी रडलो. माझं निर्दोषत्व इतक्या साध्या गुणाकार-भागाकारात होतं आणि मला ते मांडता आलं नव्हतं. मामांना ते दाताला कळलं होतं. त्यांना कागद येत नव्हता आणि मला दाणा कळत नव्हता. या दोघांच्या मधली जी जागा आहे ना, तीच आमच्या धंद्यातली पगाराची जागा. हे मला समजायला एक उन्हाळा आणि बरेचसे पैसे लागले.

पुढं मी चाकणला गेलो, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात. पगार १८ हजार, त्यातले पाच खोलीभाड्याला. तिथं सोयाबीन नव्हतं, पण घट होतीच. नोंदीत २,००० बोल्ट आणि रॅकवर १,८५०. माल घेऊन निघालेला ट्रक वाटेत अडकला की इकडं लाईन बंद. लाईन बंद राहिलेल्या प्रत्येक मिनिटाचा हिशेब वरपर्यंत जायचा. तिथं मला पगाराच्या पायऱ्या दिसल्या. जो फक्त मोजतो त्याचा पगार सर्वांत कमी. काय आणि कधी कमी पडणार हे जो आधी सांगतो, त्याचा त्याहून बरा. कमी पडू नये म्हणून व्हेंडरशी बोलून, भाव ठरवून, सही करून माल बांधून घेतो त्याचा सर्वांत जास्त. सहा वर्षांत मी मोजण्यातून प्लॅनिंगला गेलो आणि ४२ हजारांवर पोचलो. एमबीए झालेली मुलं माझ्या पुढं सुरू करायची, हेही खरं आहे. पवईच्या ज्या नीटीला २०२३ साली आयआयएम मुंबई हे नाव मिळालं, तिथून आलेली माणसं तर वेगळ्याच मजल्यावर बसायची. त्यांच्याकडून मी पुष्कळ शिकलो. पण स्टॉक जुळत नसला की ती खाली रॅकजवळ यायची आणि विचारायची, "तुला काय वाटतं, कुठं गेला असेल?"

मी तिकडं असतानाच २०१६ चा उन्हाळा आला. लातुरात पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली होती. घरून फोन यायचा तो फक्त पाण्याचा. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली गाडी लातूरला पोचली: १० टाक्या, साधारण ५ लाख लिटर. मग ५० टाक्यांची गाडी, २५ लाख लिटर. टीव्हीवर सगळे गाडीला हार घालताना दिसत होते. मला मात्र वेगळंच दिसत होतं. राजस्थानात कोट्याच्या रेल्वे कारखान्यात त्या टाक्या आतून धुवून घेणारा माणूस. मिरजेत एक टाकी किती वेळात भरते हे घड्याळ लावून पाहणारा माणूस. लातूरच्या स्टेशनवर ते पाणी उतरवून पुढं टँकरपर्यंत नेणारा, आणि रिकामी गाडी परत कधी सुटेल याची विचारणा करणारा माणूस. मिरजेत पाणी होतं, लातुरात तहान होती. मधल्या सुमारे ३४० किलोमीटरचं काम म्हणजे माझं काम. पूर्वी ही बार्शी लाईट रेल्वेची छोटी लाईन होती, १९११ मध्ये लातूरला आलेली. रूळ रुंद झाले नसते तर ५० टाक्यांची गाडी इथवर येणं शक्यच नव्हतं. आईनं फोनवर सांगितलं, "पानी आलं रं." तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की वडिलांच्या जुन्या प्रश्नाला उत्तर आहे.

तीन वर्षांनी मी परत आलो. आता लातूर ते नांदेड, अहमदपूर-लोह्याच्या रस्त्यावर माझे आठवड्यातले चार दिवस जातात. पगार चाकणइतका नाही. पण खोलीभाडं नाही आणि आई-वडील समोर आहेत. या पट्ट्यात घटीचे जितके प्रकार आहेत तितके मी चाकणला पाहिले नाहीत. सोयाबीनची घट महिन्यांत होते. अर्धापूरच्या केळीची तासांत. संध्याकाळी भरलेला हिरवा माल उत्तरेत कुठल्या दिवशी पोचणार, यावर शेतकऱ्याचं वर्ष ठरतं. हळद दिसायला दगडासारखी, पण किडीनं आतून पोखरली की वजन जातं आणि भावही जातो. दालमिलमध्ये १०० किलो तुरीतून साधारण ७० ते ७५ किलो डाळ निघते. बाकी चुरी आणि टरफल. एखाद्या मिलमध्ये रोजच्या हजार कट्ट्यांवर एक टक्का डाळ जास्त काढून दाखवणारा माणूस मालक सोडत नाही. त्याचा पगार तो माणूस स्वतः सांगतो.

आणि २०२४ चा हंगाम. हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनला १२ टक्के ओलाव्याची मर्यादा असते, ती त्या नोव्हेंबरात १५ टक्क्यांपर्यंत वाढवली. पावसानं भिजलेल्या शेतकऱ्याला त्याची गरज होती. मी स्वतः शेतकऱ्याचा मुलगा आहे, मला ते योग्यच वाटलं. पण १५ टक्क्यांचा १०० क्विंटल माल वाळून १० टक्क्यांवर आला की उरतो साडेचौऱ्याण्णवच्या आत. ४,८९२ रुपये हमीभावानं ही घट होते सुमारे २७ हजारांची, म्हणजे गोडाऊनवरच्या एका पोराचे जवळजवळ दोन पगार. कागदावर आधी लिहिलेली असेल तर ती घट मालाची असते. लिहिलेली नसेल तर ती सही करणाऱ्या पोराच्या गळ्यात पडते.

मला राग येतो तो इथंच. लातुरात हुशार मूल म्हणजे अकरावी-बारावी, क्लास आणि नीट. त्या मेहनतीबद्दल मला आदरच आहे. पण ज्यांचा नंबर तिथं लागत नाही त्यांना घरीच काय मिळालेलं आहे, हे कुणी सांगत नाही. आडतीवरची पट्टी वाचणारी, कट्टा उचलून वजनाचा अंदाज सांगणारी, कुठला माल टिकेल हे जाणणारी ही मुलं. मुलाखतीला बसली की तेच लपवतात आणि पाठ केलेली इंग्रजी वाक्यं म्हणतात. मी त्यांना एकच विचारतो, घरी सोयाबीन किती दिवस ठेवलं होतं आणि वजन किती उतरलं? बहुतेकांना उत्तर येतं. मग चेहरे खुलतात.

लोह्याच्या त्या मुलीनं पटकन सांगितलं होतं, "पप्पांनी चार महिने ठेवलं, साठच्या कट्ट्याला दीड-पावणेदोन किलो उतरलं." वडिलांनी चमकून तिच्याकडं पाहिलं. ती हे मोजते, हे त्यांना माहीत नव्हतं.

ती सोमवारी आली. पहिला ट्रॅक्टर उभा राहिला तसं तिनं वरच्या, मधल्या आणि खालच्या कट्ट्यांतून मूठ-मूठ दाणे काढले आणि मीटरमध्ये टाकले. मग चार दाणे मुकादमांपुढं धरले. हे मुकादम म्हणजे माझ्या त्या मामांचा मुलगा. त्यांनी दाणा दाताखाली धरला आणि मान हलवली. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, "ताई, सही करा ना लवकर, लाईनीत अजून वीस गाड्या हायेत." तिनं पावती गुडघ्यावर घेतली आणि वजनाच्या रकान्याशेजारी आधी लिहिलं: ओलावा १३.४. मग खाली स्वतःचं पूर्ण नाव, सावकाश.