मिठाची पोती

पाहुणे आले की त्यांना वेरूळ आणि देवगिरी दाखवून आणणं हे आम्हा संभाजीनगरकरांचं ठरलेलं काम. (शहराचं सरकारी नाव २०२३ मध्ये बदललं, पण जिभेवर अजून दोन्ही नावं येतात. असो.) देवगिरीवरची माझी आवडती गोष्ट तोफेची नाही, पोत्यांची आहे. १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजी चालून आला, तेव्हा रामदेवराय यादवाच्या माणसांनी घाईघाईत दिसतील ती पोती किल्ल्यात भरून घेतली. वेढा पडल्यावर उघडून पाहतात तर धान्याऐवजी मीठ! एवढा बुलंद किल्ला, पण हार पत्करावी लागली ती पोत्यांमुळे, असं सांगतात.

ही गोष्ट मला जवळची वाटते, कारण माझा धंदाच पोती आत घेण्याचा आहे. आमची छोटी कंपनी दुकानांसाठी आणि दवाखान्यांसाठी बिलाचं सॉफ्टवेअर बनवते. त्यातला सगळा कोड आम्ही लिहितो असं नातेवाइकांना वाटतं. प्रत्यक्षात साधी तारीख नीट छापायची असली तरी जगात कुणीतरी तो कोड आधीच लिहून सगळ्यांसाठी खुला ठेवलेला असतो. त्याला म्हणायचं पॅकेज. एक पॅकेज मागवलं की ते सोबत चार आणतं, ती चार आणखी दहा... लग्नाच्या वऱ्हाडासारखं. नवरदेवाला आपण ओळखतो, बाकीचे कोण कुणाचे ते जेवणाच्या पंगतीत कोण विचारतंय?

नांदेडच्या मामांचं किराणा दुकान आहे. त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "फुकट मिळतं म्हणजे भेसळ असणारच की रे!"

मामांची शंका अगदीच अस्थानी नाही. २०१८ मध्ये 'इव्हेंट-स्ट्रीम' नावाच्या पॅकेजच्या मूळ लेखकाला त्यात रस उरला नव्हता. एका अनोळखी माणसाने "मी सांभाळतो" म्हटलं आणि त्याने ते देऊन टाकलं. नव्या मालकाने त्यात हळूच एक दुसरं पॅकेज घुसवलं, 'कोपे' नावाच्या पाकिटातली बिटकॉइन चोरण्यासाठी. सप्टेंबर २०२५ मध्ये तर 'चॉक', 'डीबग' अशी जगभर वापरली जाणारी पॅकेजं एका खोट्या ईमेलमुळे काही तासांसाठी चोरांच्या हाती गेली.

पण मला सगळ्यात जास्त चटका लावून गेलं ते 'एक्सझेड' प्रकरण.

एक्सझेड म्हणजे फायली दाबून लहान करणारं साधनं. लिनक्सवर जवळपास सगळीकडे असतं. फिनलंडचे लासे कॉलिन ते वर्षानुवर्षं सांभाळत होते, बिनपगारी, छंद म्हणून. २०२२ मध्ये त्यांच्यावर पत्रांचा मारा सुरू झाला. काम रखडलंय, दुसरा माणूस नेमा, वगैरे. त्यातल्या एकाचं नाव होतं 'जिगर कुमार'! (नाव वाचून आपला कुणी देशबांधव की काय, असं वाटलं. पण ही सगळी नावं खोटीच असावीत असं मानलं जातं.) आपलं मानसिक स्वास्थ्य बऱ्याच काळापासून बरं नाही, हे कॉलिन यांनी तेव्हा मोकळेपणाने लिहिलं होतं. आणि त्याच सुमारास 'जिया टॅन' नावाचा एक गुणी, कष्टाळू, कधीही तक्रार न करणारा मदतनीस हाताशी होता. हळूहळू किल्ल्या त्याच्याकडे गेल्या.

फेब्रुवारी आणि मार्च २०२४ मध्ये आलेल्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत त्याने चोरदरवाजा बसवला. तोही चाचणीसाठी ठेवलेल्या फायलींच्या आड. तो सगळीकडे पसरला असता तर ज्याच्याकडे त्याची किल्ली, त्याला असंख्य सर्व्हरांत शिरता आलं असतं.

पकडला कुणी? आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याने. त्याला सर्व्हरवर लॉगिन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं. अर्धा सेकंद! आपण म्हणालो असतो, नेट स्लो असेल. तो खोदत गेला आणि २९ मार्च २०२४ ला त्याने सगळं जगासमोर मांडलं. नेहमीच्या वापरातल्या स्थिर आवृत्त्यांपर्यंत ते पोचायच्या आत.

तर मामा, दोष फुकटेपणाचा नाही. २०२० मध्ये उघडकीला आलेल्या 'सोलरविंड्स' प्रकरणातलं सॉफ्टवेअर चांगलं पैसे मोजून घेतलेलं होतं, तरी भेसळ झालीच. उलट कोड उघडा होता म्हणून फ्रॉइंडला पोत्याच्या तळापर्यंत हात घालता आला.

मला टोचतं ते वेगळंच. एक थकलेला माणूस सांगत होता की मी थकलोय. त्याच्या कामावर मोठमोठ्या कंपन्या चालत होत्या. आणि नेटाने मदतीला आला कोण, तर तोच, ज्याला घर फोडायचं होतं. हा दरवाजा कोडमधल्या चुकीतून उघडला नाही, एका माणसाच्या एकटेपणातून उघडला.

आमच्या ऑफिसात आता नवी आवृत्ती आली की काही दिवस थांबतो, लगेच घेत नाही. आवृत्त्यांचे आकडे पक्के करून ठेवतो. दरवर्षी थोडे पैसे या पॅकेजवाल्यांना पाठवूया असं मी सुचवलं, तर सर "बघू" म्हणाले. (मराठी माणसाच्या "बघू"चा अर्थ तुम्हाला ठाऊक आहेच.)

मग मीच आपला एक उद्योग सुरू केला. आम्ही वापरतो त्या पॅकेजांची यादी काढून त्यांच्या सांभाळकर्त्यांना एकेक पत्र लिहितोय. काही मागायचं नाही, चूक दाखवायची नाही, नुसतं सांगायचं की एका गावातल्या दवाखान्याची बिलं तुमच्यामुळे नीट छापली जातात, आभारी आहे.

पहिलं उत्तर दोन दिवसांनी आलं. एकच ओळ होती. त्याने विचारलं होतं, "काय बिघडलंय?"