अलिबाग, भरती-ओहोटी बघून!

शुक्रवारी संध्याकाळी ग्रुपवर पहिला मेसेज येतो, ‘उद्या अलिबाग?’ लगेच दुसरा, ‘परत तेच?’ हा दुसरा मेसेज पाठवणाऱ्यांसाठीच आजचा बेत. बनाना राइड आणि सुरमई थाळीवर जे अलिबाग आटोपतं, त्याच्या मागच्या गल्ल्यांमध्ये तीनशेहून जास्त वर्षं मुक्कामाला आहेत. ती एका दिवसात पायी बघून होतात.

गेटवेवरून सकाळची पहिली कॅटामरान पकडा. तासाभरात मांडवा. हो, ‘अग्निपथ’मधल्या विजय दीनानाथ चौहानचं गाव! धक्क्यावरून अलिबागची बस त्याच तिकिटात मिळते. मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून रो-रो सुरू आहे, म्हणजे गाडीसकट समुद्र पार. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतूही खुला झाला. मुंबई अलिबागच्या इतकी जवळ कधीच नव्हती.

उतरल्यावर आधी कुलाबा किल्ला गाठा, कारण तो तुमच्या वेळेनुसार चालत नाही. ओहोटी असेल तर चालत किंवा घोडागाडीतून जायचं, भरती असेल तर होडी. कोळ्यांचा जुना हिशोब लक्षात ठेवा: तिथीच्या पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण म्हणजे पावणेचार. त्याच्या सहा तास आधी, सकाळी दहाच्या सुमारास ओहोटी. तरीही पाण्यात पाय टाकण्याआधी किनाऱ्यावरच्या माणसांना विचाराच. आत जाऊन फोटो काढत बसलात की पाणी परतीची वाट बंद करतं.

शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये बांधायला घेतलेला हा किल्ला पुढे कान्होजी आंग्रे यांचं ठाणं झाला. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र चालून आले आणि हात हलवत परत गेले. आत सिद्धिविनायकाचं देऊळ आहे आणि चहूबाजूंनी खारं पाणी असताना गोड्या पाण्याची विहीरही. तटावर चाकांच्या दोन इंग्रजी तोफा आहेत. आंग्र्यांचं राज्य १८४० मध्ये खालसा झालं, त्यानंतरच्या दिवसांची ही खूण. कान्होजींची समाधी गावात आहे, परतताना तिथे जाऊन या.

आता इस्रायल आळी. अली नावाच्या बेने इस्रायली गृहस्थाच्या बागा म्हणून अलिबाग, असं गावात सांगतात. जवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आपले पूर्वज वाचले, अशी या समाजाची परंपरागत कथा. घाण्यावर तेल गाळायचं आणि शनिवारी काम बंद, म्हणून नाव पडलं ‘शनिवार तेली’. घरात मराठी, प्रार्थना हिब्रू. १९४८ नंतर बरेच जण इस्रायलला गेले. आळीतलं मागेन अबोथ सिनेगॉग मात्र अजून उभं आहे.

आणि ज्याच्या समोरून आपण सगळे न बघता जातो, ती चुंबकीय वेधशाळा! मुंबईच्या कुलाब्याला पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची मोजमापं घेतली जात. मुंबईत विजेवरची ट्राम येणार असं ठरलं आणि पंचाईत झाली, कारण त्या विजेने मापं बिघडली असती. म्हणून १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा उभारली. बांधताना लोखंड टाळलं. दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या आणि मग काम इथे हललं. ट्राम १९०७ मध्ये धावली, १९६४ मध्ये बंदही पडली. अलिबागच्या नोंदी चालूच आहेत. हे कामाचं ठिकाण आहे, त्यामुळे बघायचं ते बाहेरूनच.

थोडक्यात, मुंबईचा गोंगाट नको म्हणून इथे येणारे आपण पहिले नाही! फरक इतकाच की वेधशाळा शांतता शोधत आली आणि आपण गोंगाट सोबत घेऊन येतो. मांडवा ते किहीम रस्त्यावर नारळी-पोफळीच्या वाड्यांच्या जागी उंच भिंती आणि व्हिला दिसतात. १९३० मध्ये सलीम अली किहीमला सुगरण पक्ष्यांची घरटी न्याहाळत बसले होते. आज तिथे स्विमिंग पूल शोधावा लागत नाही, झाड शोधावं लागतं. वाडी विकणाऱ्याला पैसे मिळतात, पण ते एकदाच. म्हणून पैसे भिंतीबाहेरही खर्च करा: घरगुती खानावळीत जेवा, पांढऱ्या कांद्याची माळ शेतकऱ्याकडून घ्या, आणि थंडीत गेलात तर मडक्यात भांबुर्ड्याच्या पाल्यात शिजलेली पोपटी सोडू नका.

संध्याकाळी मांडव्याच्या धक्क्यावर कॉफी घ्या आणि मुंबईचे दिवे लागताना बघा. फक्त शेवटच्या बोटीची वेळ सकाळीच विचारून ठेवा. पावसाळ्यात कॅटामरान बंद असते, तेव्हा रो-रो किंवा एसटी. आणि पंचांग? ते या ट्रिपला गाइडबुकापेक्षा जास्त उपयोगी पडेल.