बाग बिघडली, की माझ्याकडून बिघडली?



आज छाटणी, डिपिंग, डाऊनी यातलं काही नाही. आज स्पॅनिश भाषेचं थोडं व्याकरण सांगणार आहे. हसू नका. शेवटपर्यंत वाचा, कारण या पेजवर दोन वर्षांपूर्वी मी एक चुकीची गोष्ट लिहिली होती, ती आज दुरुस्त करायची आहे. ती दुरुस्ती या व्याकरणातूनच निघाली.

माझी लेक आणि जावई स्पेनमध्ये मुर्सिया भागात असतात. तो भागही द्राक्षाचाच. बिनबियाची खायची द्राक्षं तिथं भरपूर होतात. नातू तिथल्या शाळेत पहिलीत आहे. घरात मराठी बोलतात, पण पोरगं दिवसभर शाळेत, मित्रांत. हळूहळू मराठी मागं पडायला लागलं. हिवाळ्यात तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागं असतं. आपल्याकडं रविवारी दुपारी एक वाजता मी फोन लावतो तेव्हा तिथं सकाळचे साडेआठ झालेले असतात.

एका रविवारी मी विचारलं, "बाळा, शाळेच्या दिवशी किती वाजता उठतोस?"

तो म्हणाला, "आबा, मी मला उठवतो सात वाजता."

मी पोट धरून हसलो. मी मला उठवतो! म्हटलं, वा रे गड्या, स्वतःच गजर आणि स्वतःच झोपणारा. पण लेक म्हणाली, "आप्पा, हसू नका. तो स्पॅनिशमधून बोलतोय. तिथं असंच म्हणतात."

तिनं मग समजावलं. स्पॅनिशमध्ये 'लेवान्तार' म्हणजे उठवणे, उचलणे. स्वतः उठायचं असेल तर त्याच क्रियापदाला 'से' जोडायचा. 'लेवान्तार्से'. म्हणजे स्वतःला उठवणे, आपल्या भाषेत उठणे. मूळ शब्द दुसऱ्याला उठवण्याचा, आणि स्वतः उठायला शेपूट लावायचं.

आपल्याकडं उलटं. मूळ शब्द 'उठणे', आणि दुसऱ्याला उठवायचं तर 'व' जोडायचा. दहावीला आमच्या मराठीच्या गुरुजींनी याला प्रयोजक क्रियापद म्हणून शिकवलं होतं. उठणे-उठवणे, झोपणे-झोपवणे, वाळणे-वाळवणे. चाळीस वर्षांनी ते कामाला आलं. नातवाशी त्याच्या भाषेत चार वाक्यं बोलता यावीत म्हणून मी दोनशे पानी वही घातली. लेक रविवारी शिकवायची, मी आठवडाभर बागेत पाठ करायचो.

पहिलं पान असं आहे:

मी उठतो : मे लेवान्तो
तू उठतोस : ते लेवान्तास
तो, ती उठते : से लेवान्ता
आम्ही उठतो : नोस लेवान्तामोस
तुम्ही सगळे उठता : ओस लेवान्ताइस
ते उठतात : से लेवान्तान

पुढचा लहान शब्द बघा. मे, ते, से, नोस, ओस, से. तो माणसाप्रमाणं बदलतो, आणि क्रियापदाची शेपटीही त्याच माणसाप्रमाणं बदलते. दोघांची जोडी जुळली पाहिजे. बैलजोडीतला एक 'मी'चा आणि दुसरा 'तू'चा जुंपला की गाडी बांधावर गेलीच. मी सुरुवातीला 'मे लेवान्तास' म्हणायचो. नातू खिदळायचा.

आणखी तीन गोष्टी वहीत लिहिल्या आहेत.

एक, आपल्याला मोठ्या माणसाला 'तू' म्हणता येत नाही, तसंच तिथंही आहे. आदरानं 'उस्तेद' म्हणायचं आणि मग 'से लेवान्ता', म्हणजे 'तो'चं रूप वापरायचं. पेरू, चिली हे देशही द्राक्ष पाठवणारे आणि भाषाही स्पॅनिश, पण तिकडं 'ओस लेवान्ताइस' बोलत नाहीत. तिथं सगळ्यांना मिळून 'उस्तेदेस' आणि 'से लेवान्तान'.

दोन, बाईमाणूस असो की बाप्या, 'मे लेवान्तो' एकच. आपल्याकडं मी उठतो, ती म्हणणार मी उठते. इथं त्यांचं सोपं.

तीन, काही क्रियापदं पोटात बदलतात. झोपायला आडवं होणं म्हणजे 'आकोस्तार्से'. पण मी आडवा होतो म्हणताना 'मे आक्वेस्तो'. 'ओ'चा 'वे' होतो. तू, तो, ते यांतही होतो, फक्त आम्ही आणि तुम्ही यांत होत नाही. नोस आकोस्तामोस, ओस आकोस्ताइस. आपलं 'जातो' आणि 'गेलो' बघा, बाहेरच्या माणसाला तेही असंच वेडंवाकडं वाटत असणार.

बेदाण्याच्या शेडवर हे सगळं पटकन डोक्यात बसलं. 'ला उवा से सेका', म्हणजे द्राक्ष वाळतंय. 'सेको ला उवा', म्हणजे मी द्राक्ष वाळवतोय. पहिल्यात 'से' आहे आणि माणूस नाही. दुसऱ्यात माणूस आहे आणि 'से' नाही. जाळीवर द्राक्ष पसरताना मी हे मोठ्यानं म्हणायचो. कामाच्या बायका म्हणायच्या, मालकांना ऊन लागलं.

आता मुद्द्यावर येतो.

मागच्या महिन्यात फोन चालू असताना नातवाच्या हातातून काचेचा पेला पडला. खळ्ळकन आवाज आला. लेकीनं विचारलं, काय झालं? पोरगं म्हणालं, "से मे आ काइदो."

मी लेकीला विचारलं, 'से' आणि 'मे' दोन्ही एकदम कसे? 'मे'बरोबर तर 'मी'चं रूप यायला हवं. ती म्हणाली, "आप्पा, हा 'मे' वेगळा. पेला पडलाय, म्हणून 'से' आणि क्रियापद पेल्याचं. चार पेले पडले असते तर क्रियापद चार पेल्यांचं झालं असतं. मधला 'मे' सांगतो, कुणाच्या हातून."

मी म्हटलं, हे तर आपलंच. माझ्या हातून पेला पडला. माझ्या हातून पेले पडले. पडला, पडले हे पेल्यावर चालतं, माझ्यावर नाही. तरी 'माझ्या हातून' म्हटल्यावर माणूस वाक्यात येतो.

लेक सहज म्हणाली, "नुसतं 'से आ काइदो' म्हटलं असतं तर पेला आपोआप पडला असा अर्थ. त्यानं 'मे' घातला, म्हणून मी रागावले नाही."

फोन ठेवला आणि मी वहीत नवीन क्रियापद लिहायला घेतलं. 'एस्त्रोपेआर', म्हणजे बिघडवणे. 'एस्त्रोपेआर्से', म्हणजे बिघडणे. द्राक्षबागेला 'विन्या' म्हणतात. सवयीनं बागेचं वाक्य केलं.

ला विन्या से एस्त्रोपेओ. बाग बिघडली.
से मे एस्त्रोपेओ ला विन्या. माझ्याकडून बाग बिघडली.
एस्त्रोपेए ला विन्या. मी बाग बिघडवली.

तीन ओळी लिहिल्या आणि पेन तिथंच थांबलं.

जुन्या वाचकांना आठवत असेल. दोन वर्षांपूर्वी फळछाटणीनंतर आमच्या धाकट्या भावाच्या अकरा ओळी बिघडल्या. कोवळी पानं आखडली, पंख्यासारखी झाली, शिरा जवळजवळ आल्या, शेंडे पिळवटले. टू-फोर-डीची लक्षणं. घड निघाले होते, ते गेले. मी या पेजवर फोटो टाकून लिहिलं होतं की, शेजारच्या उसातली तणनाशकाची फवारणी वाऱ्यानं बागेवर आली, उसवाल्यांनी द्राक्षवाल्यांचा विचार करावा. खूप जणांनी ते पुढं पाठवलं.

ते खोटं होतं.

ब्लोअर दुरुस्तीला गेला होता. भाऊ बाहेरगावी लग्नाला. त्याच्या अकरा ओळी बुरशीनाशकाच्या राहिल्या होत्या, ढग आले होते. मी एचटीपी आणि गन काढली आणि दोनशे लिटरच्या ड्रममध्ये औषध कालवलं. त्याच ड्रमानं, त्याच नळीनं चार दिवस आधी मी माझ्या उसात टू-फोर-डी मारलं होतं. ड्रम एकदा पाण्यानं खळबळला होता. नळी तशीच.

आठव्या दिवशी पानं बघितली तेव्हाच मला कळलं. भाऊ समोर उभा होता. म्हणाला, "दादा, हे काय झालं?" मी म्हणालो, "बाग बिघडली रे. शेजाऱ्यानं परवा उसात मारलंय, तिकडनं आलं असणार."

बाग बिघडली. से एस्त्रोपेओ. वाक्यात माणूसच नाही. आणि मोकळ्या जागेत मी शेजारी बसवला.

भाऊ त्याच संध्याकाळी शेजाऱ्याच्या दारात गेला. नको ते बोलला. शेजाऱ्यानं बांधावरच्या वाटेवर बाभळीच्या फांद्या टाकल्या. दोन हंगाम आम्ही द्राक्षाचा ट्रॅक्टर लांबून, ओढ्याकडनं फिरवून आणला. मी सगळं बघत होतो.

वहीतल्या तीन ओळींपैकी माझी कुठली, हे मी त्या रात्री ठरवत बसलो. पहिली नव्हतीच. तिसरीही पूर्ण खरी नव्हती, बाग मी मुद्दाम बिघडवली नव्हती. दुसरी बरोबर. से मे एस्त्रोपेओ. माझ्याकडून बिघडली.

सकाळी भावाकडं गेलो आणि तसंच सांगितलं. "माझ्याकडून झालं. ड्रम, नळी धुतली नव्हती." त्यानं चहाचा कप खाली ठेवला. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पंपाचं मी समजू शकतो दादा. कुणाच्याही हातून होतं. पण मी त्या माणसाच्या दारात जाऊन आईबहिणीवरनं बोललो. तू तेव्हा घरात बसला होतास. तेपण तुझ्या हातूनच झालं का?"

मला उत्तर देता आलं नाही.

त्याचं बरोबर होतं. नळी धुवायची राहिली, तिथं 'से मे' चालतं. खोटं बोललो, तिथं चालत नाही. स्पॅनिशमध्ये खोटं बोललो याला एकच शब्द आहे, 'मेन्ती'. त्यात 'से' नाही, 'मे' नाही. मराठीतही 'माझ्याकडून खोटं बोललं गेलं' असं म्हणणारा माणूस अजून काहीतरी लपवत असतो. मी खोटं बोललो. कर्ता मी.

मग दोघं मिळून शेजाऱ्याकडं गेलो. त्यानं ऐकून घेतलं. आत या म्हणाला नाही. एवढंच म्हणाला, "मला माहीत होतं. त्या आठवड्यात वारा पूर्वेचा होता. माझं रान तुमच्या पश्चिमेला. तुमच्याकडनं माझ्याकडं वारा येत होता, माझं औषध तुमच्याकडं कसं जाईल? एवढं वाचणारे-लिहिणारे तुम्ही, एकानंही वाऱ्याचं विचारलं नाही."

खरंय. मी इथं इतकं लिहिलं, कुणीच वाऱ्याची दिशा विचारली नाही. मी तर मुद्दामच लिहिली नव्हती.

बाभळीच्या फांद्या अजून वाटेवर आहेत. तो कधी काढेल ते त्याच्यावर आहे. मी मागायला जाणार नाही. भाऊ बोलतो, पण पूर्वीसारखा नाही. नुकसानीचे पैसे या बेदाण्याच्या पट्टीतून त्याला द्यायचे ठरवलेत. जुनी पोस्ट मी काढलेली नाही. तिच्या वर ठळक लिहिलंय की ही माहिती खोटी आहे, चूक माझी आहे. ज्यांनी पुढं पाठवली त्यांनी ही पोस्टही पाठवावी, ही विनंती.

आता शेतीचं. तणनाशकाचा पंप, ड्रम, नळी, गन, मापाचा डबा, सगळं वेगळं ठेवा. त्यावर लाल रंगानं लिहा. टू-फोर-डी रबरी नळीत आणि वायसरात धरून राहतं, एकदा खळबळून जात नाही. द्राक्ष, कापूस, टोमॅटो, भाजीपाला यांना त्याचा थोडा अंशसुद्धा बाधतो. आणि बागेवर असं काही दिसलं तर शेजाऱ्याच्या दारात जायच्या आधी दोन गोष्टी बघा. फवारणीच्या दिवशी वारा कुठला होता, आणि आपला स्वतःचा पंप आधी कशाला वापरला होता.

कालच्या रविवारी नातवाला मी म्हणालो, "मे लेवान्तो आ लास सिंको." मी पाचला उठतो. तो म्हणाला, "आबा, बरोबर! मी पण सातला उठतो." 'मी मला' गेलं. त्याचं मराठी सुधारतंय, माझं स्पॅनिशही सावकाश होतंय.

राम राम.