आम्ही एका खेळाविषयी लिहितो

गेल्या कार्तिकात आमच्या हातून दोन अपराध घडले. एके पहाटे काकडआरती चुकली, आणि ती का चुकली हे आम्ही घरात खरे सांगितले नाही. आदिलाबादेत आम्ही ज्या आळीत राहतो तेथे मंदिराची घंटा अंथरुणात ऐकू येते. तेव्हा 'ऐकू आली नाही' ही सबबसुद्धा आम्हांस उपलब्ध नव्हती. वस्तुस्थिती अशी होती की, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी आम्ही रात्री दीड वाजेपर्यंत नातवाच्या संगणकासमोर बसून एका दगडी कड्यावरून दुसऱ्या कड्यावर उडी मारण्याचा प्रयत्न करीत होतो.

हे वाचकांस सांगण्याचा आमचा मुळीच विचार नव्हता. ते सांगावे लागले कसे, तेच पुढे लिहीत आहो.

मंदिराच्या वार्षिक अंकात आम्ही गेली कित्येक वर्षे लिहितो. व्रते झाली, यात्रा झाल्या, जैनथच्या लक्ष्मीनारायणाच्या देवळावर दोनदा लिहून झाले. या खेपेस संपादक म्हणाले, "मुले अंक हातात धरीत नाहीत. त्यांच्यासाठी काही लिहा." दिवाळीच्या सुटीत नातू हैदराबादहून आला होता. त्याला विचारले, तर त्याने तोंडाने उत्तर न देता आम्हांस खुर्चीवर बसविले आणि 'राजी' नावाचा खेळ सुरू करून दिला.

हा खेळ पुण्यातील 'नॉडिंग हेड्स गेम्स' या लहानशा मंडळीने रचला. २०१७ साली त्यांनी लोकांकडून वर्गणी जमविण्याचा प्रयत्न केला, तो फसला. तथापि त्यांनी काम सोडले नाही आणि २०२० साली खेळ प्रसिद्ध झाला. कथा सांगावयाची तर दोन ओळींची आहे. राजी ही डोंबाऱ्याच्या जातीचे कसरतीचे खेळ करणारी मुलगी. महाबलासुर नावाचा असुर तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, पळवून नेतो आणि ही पोर त्याच्या शोधास निघते. दुर्गा व विष्णू वरून तिच्याकडे पाहत असतात, आपसांत बोलत असतात. तिच्या हाती त्रिशूळ येतो, पुढे धनुष्य येते. राजस्थानी धर्तीचे वाडे, हाताने रंगविल्यासारख्या भिंती, त्यांवर देवादिकांची चित्रे.

आम्ही मोहून गेलो. पहिला लेख एका बैठकीत लिहिला.

तो लेख आज आमच्या टाचणवहीत आहे आणि तो वाचताना कानशिले तापतात. आरंभीच आम्ही मोक्षपटास पाचारण केले, परंपरेने त्याच्याशी जोडलेले ज्ञानेश्वरांचे नाव घेतले, मग कौरवांचे द्यूत, मग यमुनाकाठचा चेंडू. राजी बिचारी तिसऱ्या पानावर आली. ती आली तेव्हा 'अपूर्व', 'अद्भुत', 'अलौकिक' ही तीन विशेषणे तिच्या पालखीचे भोई झाली. भाषेविषयी तर आम्ही विशेष दक्ष होतो. व्हिडिओ गेम या शब्दास 'चलच्चित्रक्रीडा' म्हटले, हातातील यंत्रास 'नियंत्रक' म्हटले, आणि प्रत्येक टप्प्याच्या शेवटी जो मोठा राक्षस उभा असतो, ज्यास मुले 'बॉस' म्हणतात, त्याचे नामकरण 'प्रतिपक्षप्रमुख' असे केले. नातू पोट धरून हसला. "आजोबा, प्रतिपक्षप्रमुखाला मारताना कुणाला मजा येईल हो? बॉसला बॉसच म्हणा."

आमचा अभिमान दुखावला, पण पोराचे खरे होते. बाळ ज. पंडितांनी क्रिकेटचे समालोचन मराठीतून केले, पुष्कळ नवे शब्द रुळविले, आणि ऐकणाऱ्यांना ते परके वाटले नाहीत. कारण शब्दाआधी त्यांना चेंडू दिसत होता, आणि ते स्वतः मैदानावर खेळलेले होते. आम्हांस अजून चेंडूच नीट दिसला नव्हता.

तरीही हट्टाने तोच लेख आम्ही शनिवारच्या आरतीनंतर मंदिराच्या ओवरीत चार मंडळींना वाचून दाखविला. दोघांनी मान डोलविली. एक वृद्ध स्नेही नेहमीप्रमाणे झोपले. आमच्या आळीतील एक बाई मात्र प्रसादाचा द्रोण तसाच हातात धरून बसून राहिल्या. त्यांचा मुलगा नववीत आहे. फोनवरील गोळीबाराच्या खेळापायी रात्र रात्र जागतो, सहामाहीत दोन विषयांत नापास झाला, हे सगळ्या आळीस ठाऊक होते. त्या म्हणाल्या, "काका, तुमचं लिहिलेलं आम्ही घरात मोठ्यानं वाचतो. हे छापून आलं म्हणजे पोरगा पान उघडून माझ्यापुढं धरील. मग त्याच्या हातातला फोन मी कोणत्या तोंडानं काढून घेऊ?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते.

घरी येऊन दुसरा लेख लिहिला. तो भीतीने लिहिला. त्यात तेलंगण सरकारने २०१७ साली पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन रमीवर घातलेली बंदी होती, २०२५ च्या ऑगस्टात संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांविरुद्ध केलेला कायदा होता, जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या व्यसनास २०१९ साली रोगांच्या यादीत दिलेली जागा होती. यांतील एकही गोष्ट खोटी नव्हती. पण कायदे जुगाराविषयीचे, आणि राजी तर कोणाचा एक पैसा पणास लावीत नाही! एका ठिकाणचे सत्य उचलून दुसऱ्या ठिकाणी ठेवले की त्याची असत्याहून वाईट गत होते, हे चाळीस वर्षे लेखन केल्यावर आम्हांस ठाऊक असावयास हवे होते. नातवाने लेख वाचला, कागद घडी घालून टेबलावर ठेवला आणि तो काहीच बोलला नाही. जेवतानाही बोलला नाही. पहिल्या लेखाला तो निदान हसला होता.

पुढे काही दिवस आम्ही लिहिलेच नाही. कपाटे आवरताना 'आदिलाबादचे राजगोंड' हा फ्यूरर-हायमेंडॉर्फ साहेबांचा १९४८ सालचा इंग्रजी ग्रंथ हाती आला. हा ऑस्ट्रियन विद्वान निजामी अमदानीत आमच्या जिल्ह्यात मार्लवाईस येऊन राहिला, गोंडी शिकला. (मार्लवाई आता २०१६ च्या वाटणीनंतर आसिफाबादेकडे गेली आहे, आमच्या पिढीच्या तोंडी मात्र ती आदिलाबादेतच.) मोठमोठ्या शब्दांच्या शोधात आम्ही पाने उलटली आणि निराश झालो. सण असो की समारंभ, गृहस्थ आपला सांगतो आहे की अमुक माणूस असे करतो, मग तमुक वस्तू आणतात, मग असे होते. याचे गोंडांवर प्रेम होते की नव्हते? आणि मग आठवले, त्याची पत्नी बेट्टी १९८७ साली वारली, तिची समाधी मार्लवाईस आहे. आम्ही ती पाहिली आहे. जो माणूस बायकोला त्या गावाच्या मातीत ठेवतो, त्याच्या प्रेमाविषयी आणखी काय विचारावयाचे? पण ग्रंथात त्याने ते वाचकाच्या गळ्यात बांधले नाही. तेथे त्याने फक्त पाहिले. आम्ही आमचे दोन्ही लेख काढून पाहिले, तर त्यांत सारे जग होते. खुर्चीवर बसलेला म्हातारा तेवढा नव्हता.

तिसरा लेख नवव्या दिवशी लिहिला. त्यात प्रथम तास लिहिले. नातू जो खेळ सहा तासांच्या आत संपवितो, त्यास आम्हांस नऊ संध्याकाळी मिळून अकरा तास लागले. उजवा अंगठा दोन दिवस दुखत होता. झुंजीचे प्रसंग आम्हांस पुढे पुढे सारखेच वाटू लागले. दृश्य आपल्या हाताने फिरविता येत नाही, त्यामुळे कडा कोठे संपतो हे कळत नाही आणि राजी विनाकारण दरीत जाते. शेवट तर कोणी घाईने गाशा गुंडाळावा तसा. दुर्गा व विष्णू मूळ खेळात इंग्रजी बोलतात, ते आमच्या कानास शेवटपर्यंत खटकले. हे सारे लिहिले. मग भिंतींवरील चित्रांविषयी लिहिले. तेथे थांबल्याने एकही गुण मिळत नाही, शत्रू मरत नाही. नुसते उभे राहावयाचे आणि कथा ऐकावयाची. आम्ही तेथे फार वेळ उभे राहिलो.

आणि काकडआरतीचे लिहिले. ते लिहिताना लेखणी अडली, कारण आरती का चुकली हे सांगावयाचे तर त्या रात्री उठवले का नाही हेही सांगणे प्राप्त होते. खेळात काही वर्तुळाकार कोडी आहेत. चित्राचे तुकडे फिरवीत राहावयाचे. सारे जुळले की राजीला आपल्या भावाची एखादी आठवण दिसते. त्या रात्री असे एक चित्र जुळले आणि त्यापुढे आम्हांस खेळ बंद करवेना. आमचा धाकटा भाऊ किनवटास असतो. १९५६ पर्यंत किनवट आमच्याच जिल्ह्यात होते. त्या साली ते नांदेडकडे गेले, तरी आमच्या वडिलांची जमीन दोन्हीकडे राहिली आणि पुढे त्या जमिनीनेच आम्हां भावांची वाटणी केली. मुदखेडच्या गाडीने किनवट काही दूर नाही. एकोणीस वर्षे आम्ही त्या स्टेशनावर उतरलो नाही. एक चित्रातील पोर मात्र पुनःपुन्हा दरीत पडून, मागे जाऊन, पुन्हा भावासाठी उडी मारत होती, आणि ती उडी आमच्या अंगठ्यावर अवलंबून होती. नाटकात किंवा कीर्तनात आम्ही असल्या प्रसंगी डोळे पुसून मोकळे होतो. येथे डोळे पुसले की पोर पडते. हे एवढे या खेळाविषयी आम्ही शपथेवर सांगू शकतो.

घरातून काकडआरतीविषयीची थाप उघडी पडली, त्याचे व्हावयाचे ते झाले. नातवाने लेख वाचून 'नियंत्रक' हा उरलेला एक शब्द खोडला आणि म्हणाला, "आता खेळलेल्या माणसानं लिहिल्यासारखं वाटतं. वाईट खेळलेल्या."

अंक माघात निघाला. त्या बाई ओवरीत भेटल्या. लेख आवडला की नाही याविषयी त्या काही बोलल्या नाहीत. मुलाने वाचला, म्हणाल्या. अकरा तासांवर पुष्कळ हसला. आणि मग आपण रोज किती तास बसतो ते मोजून त्याने अंकाच्या मागच्या पानावर पेन्सिलीने आकडे मांडले. आकडा किती आला ते त्यांनी सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही. फोन अजून त्यांच्याच फडताळात असतो. जाताना त्या वळून म्हणाल्या, "काका, तिला भाऊ सापडतो का हो?"

आम्ही म्हटले, रविवारी दुपारी मुलाला घेऊन या, तासभर बसू, तुम्हीच पाहा.

एक प्रत टपालाने किनवटला पाठविली आहे.