आज्ञा आणि अभिप्राय

विद्या कालसाध्य आहे, तिला मुदतीची अट घालता येत नाही, अशा श्रद्धेत वाढलेल्या माणसाला, काही महिन्यांत सॉफ्टवेअर अभियंता घडवू पाहणाऱ्या बूटकॅम्पविषयी प्रथम साशंकता वाटावी हे स्वाभाविकच होय. २०१२ साली सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालेली डेव्ह बूटकॅम्प ही संस्था या प्रथेच्या आरंभीच्या संस्थांपैकी एक. ती २०१७ मध्ये बंद पडली, तथापि तोवर ही पद्धत देशोदेशी रुजली होती, आणि आज सांगलीत वाणिज्य शाखेची पदवी घेतलेली माझी भाची माडीवरच्या खोलीत बसून ऑनलाइन तेच पाठ गिरवते आहे.

एकदा तिने दोन रकमांची बेरीज करणारे एक साधे पान तयार केले. दोन्ही रकान्यांत पाच लिहिले, कळ दाबली, आणि उत्तर आले पंचावन्न. पडद्यावर दोषाची सूचना नाही, तक्रार नाही; यंत्राने हुकमाची तामिली चोख केली होती. तासभर धडपडल्यावर तिने कन्सोलमध्ये प्रत्येक मूल्याचा प्रकार तपासला, तेव्हा 'नंबर'च्या जागी 'स्ट्रिंग' असे उमटले. रकान्यात टंकलेले मूल्य जावास्क्रिप्टच्या हाती मजकूर म्हणून येते, आणि मजकुरांमध्ये अधिकचिन्ह घातले की ती भाषा त्यांची बेरीज न करता एकाला दुसरा जोडून टाकते.

"मामा, मला हे आकडे दिसतात, त्याला ती अक्षरं दिसतात," ती म्हणाली, आणि मजकुराचे संख्येत रूपांतर करणारी आज्ञा तिने लिहिली.

मला वाटते, या शिक्षणाचे मर्म त्या तासात होते. माणसामाणसांतला व्यवहार ऐकणाऱ्याच्या औदार्यावर चालतो. आपण अर्धे बोलतो आणि उरलेला अभिप्राय समोरचा समजून घेतो. यंत्राजवळ ते औदार्य नाही. मनातले आणि लिहिलेले यांत किती अंतर राहिले, हे ते निर्विकारपणे दाखवते, आणि ते अंतर न्याहाळण्याची सवय ज्याला जडली त्याच्या विचाराला शिस्त येते. भाषेचे नियम, लूप, फंक्शन, गिटचा वापर हे सारे ठरीव मुदतीत बसते. ही सवय मात्र ज्याच्या त्याच्या गतीने मुरते.

म्हणून दोन गोष्टींची मला काळजी वाटते. काही संस्थांच्या करारनाम्यात शुल्काचे हप्ते नोकरी लागल्यावर सुरू होतात. गरजूंना त्याचा आधार खरा, परंतु नेमणूक लांबली की आपले शिकणेच व्यर्थ गेले असे मुलांना वाटू लागते, आणि तो त्यांच्या कष्टांवर अन्याय होय. दुसरे असे, की आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने क्षणार्धात तयार कोड हाती ठेवतात. अशा वेळी पंचावन्न हे उत्तर चूक आहे हे ओळखणारी आणि ते का चुकले हे सांगू शकणारी दृष्टी पूर्वीपेक्षा अधिक मोलाची ठरणार आहे. ती दृष्टी घडवायची असेल, तर शिकवणाऱ्याने उत्तर ठाऊक असूनही काही काळ मौन पाळले पाहिजे, आणि वेळापत्रक आखणाऱ्याने त्या धडपडीचे तास अभ्यासक्रमाच्या हिशेबात धरले पाहिजेत.